सेन्सर चालू, बॅटरी भरलेली, तरी मोबाईलवर आकडा नाही! शेतातल्या रेडिओ निरोपांची टक्कर कशी होते, ती कशी टाळायची?

द्राक्षबागेत पानाच्या ओलाव्याचा सेन्सर बसवलेला आहे. ऑक्टोबर छाटणीनंतरची बाग, फुलोरा जवळ आलेला, आणि रात्री अचानक पाऊस होतो. सकाळी मोबाईल उघडावा तर पहाटे दोन ते साडेचारचे आकडेच गायब. पान नेमकं किती तास ओलं राहिलं, यावरच डाऊनीची फवारणी आज घ्यायची की थांबायचं हे ठरणार असतं. आकडा नसला की शेतकरी बिचारा अंदाजाने फवारतो. फवारणी वाया गेली तर औषध आणि मजुरीचे पैसे जातात, आणि नाही घेतली आणि रोग आला तर घडच जातात.

कंपनीला फोन केला की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘नेटवर्क प्रॉब्लेम आहे’. शेजारी सांगतो, त्याच्या घरच्या वायफायमुळे होत असेल. कोणी म्हणतं, मोठा अँटेना लाव. सेन्सर तपासला तर तो ठणठणीत, बॅटरीही भरलेली. मग निरोप जातो कुठे?

बऱ्याच वेळा तो हवेत दुसऱ्या निरोपावर आदळून वाया जातो. गावात पाच सेन्सर होते तेव्हा हे जाणवत नव्हतं. आता मातीचा ओलावा, पाऊस, पान, टाकीची पातळी, मोटार असं सगळंच रेडिओवर बोलायला लागलंय. गर्दी वाढली की गोंधळ होणारच. पण हा गोंधळ कमी करता येतो, आणि त्यातले बरेच उपाय फुकट आहेत.

आधी बघा, सेन्सरमध्ये सिमकार्ड आहे का?

शेतातली उपकरणं दोन प्रकारची असतात. काहींत सिमकार्ड असतं, ती थेट मोबाईलच्या टॉवरशी बोलतात. त्यांचा प्रश्न वेगळा, तो मोबाईलच्या रेंजचा. दुसऱ्या प्रकारात सिम नसतं. शेतातली छोटी खोकी आपला आकडा रेडिओने एका मोठ्या खोक्याकडे पाठवतात. हे मोठं खोकं म्हणजे गेटवे. तो घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर किंवा खांबावर बसवलेला असतो, आणि तिथून इंटरनेटने आकडे पुढे जातात. इथे बोलायचंय ते या बिनसिमच्या उपकरणांबद्दल. त्यातली बरीचशी ‘लोरा’ नावाच्या तंत्रावर चालतात.

लोराचा जन्म फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरातला. सायक्लिओ नावाच्या छोट्या कंपनीने हे तंत्र तयार केलं आणि २०१२ मध्ये सेमटेक या अमेरिकी कंपनीने ती कंपनी विकत घेतली. यातली युक्ती गमतीची आहे. कोकिळेची हाक खालच्या सुरातून वर चढत जाते, म्हणून ती कितीही कलकलाटात ओळखू येते. लोराचा सिग्नलही असाच एका सुरातून दुसऱ्या सुरात चढत जातो. त्यामुळे तो आजूबाजूच्या रेडिओ गोंगाटापेक्षा हळू असला तरी गेटवेला ओळखता येतो. सेन्सरची ताकद साधारण २५ ते १०० मिलिवॅट, म्हणजे खिशातल्या फोरजी मोबाईलच्या कमाल ताकदीपेक्षाही कमी. तरी मोकळ्या रानात निरोप काही किलोमीटर जातो आणि एक बॅटरी वर्षानुवर्षं पुरते.

हा रस्ता सगळ्यांचा आहे

भारतात लोरा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. केंद्र सरकारने २००५ मध्ये हा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. परवानामुक्त म्हणजे अर्ज नाही, फी नाही. पण नियमात एक अट आहे, ती विकणारा सहसा सांगत नाही. हा पट्टा सामाईक आहे, इथे कोणालाही संरक्षण नाही. शेजारच्या नियमात बसणाऱ्या उपकरणामुळे तुमचे निरोप अडले तरी तक्रार चालत नाही. गायरानासारखंच म्हणा, चरायला सगळ्यांना मोकळं, पण राखण कोणाची नाही.

या गायरानात कोण कोण आहे? गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच पट्ट्यात वाचला जातो. टोलनाक्यावरचा वाचक सेन्सरच्या कितीतरी पट ताकदीने बोलतो. त्याचं तोंड खाली गाड्यांकडे असतं, म्हणून दूरच्या शेताला त्याचा त्रास नाही, पण नाक्याला लागूनच्या रानात गेटवे बसवायचा असेल तर जागा विचार करून निवडावी. गोदामातले टॅग वाचणारे यंत्र, काही ठिकाणचे रेडिओवर चालणारे वीजमीटर हेही इथलेच भाऊबंद.

आणि घरचं वायफाय? त्याचा इथे काही संबंध नाही. ते २४०० किंवा ५००० मेगाहर्ट्झच्या घरात चालतं, कित्येक पट वर. शेजाऱ्याशी त्यावरून भांडण्यात अर्थ नाही.

कोणी कोणाला विचारत नाही, तिथेच गडबड

मोबाईलच्या टॉवरखाली शिस्त असते. कोणी कधी बोलायचं हे टॉवर ठरवतो. लोराच्या सेन्सरला ही चैन परवडत नाही. तो दिवसभर झोपलेला असतो, म्हणून तर बॅटरी टिकते. ठरलेल्या वेळी उठतो, आकडा ओरडतो, परत झोपतो. दुसरं कोणी बोलतंय का हे तो सहसा बघतही नाही.

ही पद्धत जुनी आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरची यंत्रं एकाच रेडिओवर जोडली. ज्याला बोलायचंय त्याने सरळ बोलायचं, टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा, असा तो कारभार. नाव ‘अलोहा’. तेव्हाच्या गणिताने एक गोष्ट दाखवून दिली, ती आजही तितकीच लागू आहे. अशा पद्धतीत वेळेचा जास्तीत जास्त १८ टक्के भागच कामी येतो. गर्दी त्यापुढे वाढवली तर पोहोचणारे निरोप वाढत नाहीत, उलट कमी होतात. ग्रामसभेत सगळेच एकदम बोलायला लागले की कोणाचाच मुद्दा इतिवृत्तात येत नाही, तसं.

दोन निरोप एकाच चॅनलवर, एकाच चालीत, एकाच वेळी आले तर दोन्ही खराब होऊ शकतात. त्यातला एक बराच जोरात असेल तर तो वाचतो, हळू बोलणारा जातो. म्हणून गेटवेच्या शेजारच्या शेतातले आकडे नियमित दिसतात आणि शिवाराच्या टोकाचा शेतकरी मात्र रोज कंपनीला फोन करत बसतो. बऱ्याचदा त्याच्या सेन्सरमध्ये काही खोट नसते.

सावकाश बोलण्याची किंमत

आता वर म्हटलेली ‘चाल’ म्हणजे काय ते बघू, कारण सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लोरामध्ये तोच निरोप भरभर किंवा सावकाश बोलता येतो. त्याला एसएफ म्हणतात, ७ पासून १२ पर्यंत. एसएफ ७ म्हणजे भरभर, एसएफ १२ म्हणजे अगदी सावकाश, एकेक अक्षर ताणून. सावकाश बोललेलं लांबून कळतं, हा फायदा. पण दहा बाइटचा छोटासा निरोप एसएफ ७ मध्ये सुमारे ०.०६ सेकंदात संपतो, तोच एसएफ १२ मध्ये जवळपास दीड सेकंद घेतो. चोवीस पट वेळ! तेवढा वेळ तो चॅनल अडवतो आणि बॅटरीही त्याच हिशेबाने खातो.

गणित करून बघू. समजा, एका गेटवेच्या आवाक्यात २०० सेन्सर आहेत, प्रत्येक जण दर १५ मिनिटांनी निरोप पाठवतो आणि सगळे मिळून भारतातले ठरलेले तीनच मूळ चॅनल वापरतात. सगळे एसएफ १२ वर ठेवले तर अलोहाच्या सूत्राप्रमाणे शंभरातले सुमारे २० निरोप टकरीत जातात. तेच सगळे एसएफ ७ वर असते तर शंभरात एखादाच जाईल. सेन्सर ५०० झाले आणि एसएफ १२ च राहिला तर शंभरातले ४० हून जास्त गेले समजा. प्रत्यक्षात जोरात बोलणारे वाचतात, त्यामुळे आकडा थोडा मागेपुढे होईल, पण फरक किती मोठा आहे ते यातून कळावं.

मग सगळे एसएफ १२ वर का ठेवले जातात? कारण बसवणाऱ्याला ते सोपं पडतं. गेटवे खाली, आडोशाला बसवला तरी एसएफ १२ वर निरोप येतात. बसवण्याच्या दिवशी पाच सेन्सर असतात, सगळे आकडे झकास दिसतात, बिल होतं, गाडी निघून जाते. रडगाणं सुरू होतं ते पुढच्या हंगामात, सेन्सर वाढल्यावर. गेटवेची चुकीची जागा एसएफ १२ ने झाकणं म्हणजे गळक्या पाइपलाइनवर मोठी मोटार बसवण्यासारखं आहे.

यावरचा योग्य इलाज तंत्रातच दिलेला आहे. त्याचं नाव ‘अ‍ॅडॅप्टिव्ह डेटा रेट’, थोडक्यात एडीआर. यात नेटवर्क प्रत्येक सेन्सरचे मागचे काही निरोप किती स्पष्ट आले ते बघतं आणि जवळच्या सेन्सरला सांगतं, तू भरभर बोल आणि आवाजही कमी कर. लांबचा तेवढा सावकाश बोलतो. वेगवेगळ्या चालीतले निरोप एकमेकांना फारसे नडत नाहीत, त्यामुळे गर्दी आपोआप वाटली जाते. जवळच्यांचा आवाज खाली आला की टोकाच्या शेतातला हळू आवाजही ऐकू येतो. एका जागी खांबावर असलेल्या सेन्सरसाठी एडीआर चालू असायलाच हवं. जनावराच्या गळ्यातला पट्टा किंवा ट्रॅक्टरवरचं खोकं मात्र जागा बदलत राहतं, तिथे ते नीट चालत नाही.

विक्रेत्याला एवढंच विचारा, ‘माझा सेन्सर कोणत्या एसएफवर चाललाय, आणि एडीआर चालू आहे का?’ गेटवेपासून अर्ध्या किलोमीटरवर, नजरेच्या टप्प्यात असलेला सेन्सर एसएफ १२ वर असेल तर काहीतरी चुकलेलं आहे.

दर पंधरा मिनिटांनी आकडा खरंच लागतो का?

मोबाईलवर सारखा हलणारा आकडा बघायला बरा वाटतो, हे खरं. पण एक फूट खोलीवरचा मातीचा ओलावा पंधरा मिनिटांत असा किती बदलतो? तासाला एक आकडा त्याला पुष्कळ झाला, पाणी सुरू नसेल तेव्हा तर दोन तासांनीही चालेल. वरच्याच गणितात १५ मिनिटांऐवजी तासाला एक निरोप केला तर एसएफ १२ वरसुद्धा २० चे ५ वर येतात. एक रुपया खर्च न करता.

पानाच्या ओलाव्याला मात्र पंधरा मिनिटांची नोंद हवी, कारण रोगाचा अंदाज ओल्या तासांच्या बेरजेवर चालतो. तिथे दुसरी युक्ती आहे. मोजायचं दर पंधरा मिनिटांनी, पाठवायचं तासाने, चार आकडे एकत्र. प्रत्येक निरोपाला पत्त्याचं वगैरे किमान १३ बाइटचं ओझं असतंच, ते चारऐवजी एकदाच वाहिलं जातं. त्यातही शहाणा विक्रेता आधीच्या तासाचे चार आकडे पुन्हा जोडून देतो. एक निरोप हवेत गेलाच तरी पुढच्यातून तीच माहिती परत मिळते. सुरुवातीला सांगितलेली अडीच तासांची पोकळी अशाने बरीचशी भरून निघते.

निरोप आटोपशीरही हवा. २७.४ अंश तापमान दोन बाइटमध्ये बसतं. काही स्वस्त खोकी तेच ‘टेंपरेचर इक्वल टू’ असं अख्खं वाक्य लिहून पाठवतात. पूर्वी तारेला शब्दागणिक पैसे पडायचे तेव्हा लोक कसे मोजून लिहायचे, तोच हिशेब इथे लावायचा.

नेदरलँड्समध्ये २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘द थिंग्ज नेटवर्क’ या सामाईक जाळ्याने एक नियम घातलाय. एका सेन्सरने दिवसभरात मिळून ३० सेकंदांपेक्षा जास्त बोलायचं नाही. दर १५ मिनिटांनी एसएफ १२ वर बोलणारा सेन्सर दिवसाला १४४ सेकंद बोलतो. एसएफ ७ वर सहा सेकंदसुद्धा नाही. भारतात अशी सक्ती नाही, पण आपल्या गावाचा कारभार मोजायला हा गज वापरायला हरकत नाही.

अजून एक गोष्ट, ‘पोच’. सेन्सरने निरोप दिला की गेटवेने ‘मिळाला’ म्हणून कळवायचं, अशी सोय असते. ऐकायला भरवशाची वाटते. पण बहुतेक गेटवे बोलताना ऐकू शकत नाहीत. एकाला पोच देताना त्या वेळेत आलेले बाकीच्यांचे निरोप गेले. वर पोच मिळाली नाही म्हणून सेन्सर तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतो, गर्दी आणखी वाढते. मोटार बंद करणं, व्हॉल्व्ह उघडणं अशा कामांना पोच पाहिजेच. तापमानाच्या आकड्याला ती कशाला?

सगळे सेन्सर बरोबर तासाच्या ठोक्याला बोलत असतील तर तेही बदलून घ्या. प्रत्येकाने काही सेकंद, काही मिनिटं मागेपुढे बोलावं, अशी सेटिंग असते.

गेटवेचे कान

आवाज वाढवण्यापेक्षा कान चांगले करणं केव्हाही स्वस्त. गेटवेचा अँटेना जितका उंच आणि मोकळा, तितके जास्त सेन्सर भरभर बोलू शकतात. रेडिओचा सिग्नल दोरीसारखा सरळ जात नाही, मधे फुगतो. दोन किलोमीटरच्या अंतरात मधोमध हा फुगवटा रेषेच्या वर-खाली सुमारे १३ मीटर असतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त मोकळा लागतो. म्हणून ‘गच्चीवरून शेत दिसतंय की’ एवढ्याने भागत नाही. ग्रामपंचायतीच्या परवानगीने पाण्याची उंच टाकी मिळाली तर तिच्यासारखी जागा नाही. वीजरोधक मात्र हवाच.

गेटवे खाली घरात आणि अँटेना वर, मधे दहा मीटर बारीक केबल, असं अनेक ठिकाणी दिसतं. तेवढ्या केबलमध्ये निम्म्याहून जास्त सिग्नल मरतो. खोकंच वर बसवावं आणि इंटरनेटची वायर खाली आणावी. अँटेना उभा असावा, सेन्सरचाही उभाच, आणि लोखंडी खांबाला किंवा पत्र्याला चिकटलेला नसावा.

पिकाकडेही बघावं लागतं. लागवडीच्या वेळी गुडघाभर उंचीवर बसवलेला सेन्सर ऊस डोक्यावर गेला की बुडतो. छाटणीनंतर मोकळ्या बागेत छान चालणारा सेन्सर पानांनी मांडव भरला, त्यात पाऊस पडला की हळू ऐकू येतो, कारण ओली पानं सिग्नल पितात. म्हणजे रोगाच्या दृष्टीने जी रात्र महत्त्वाची, नेमका त्याच रात्री दगा. मोजणारा भाग पानांतच राहू द्या, पण अँटेना मांडवाच्या वर काढा.

गेटवेची वीज हा आपल्याकडचा खास मुद्दा. गेटवे बंद पडला की तेवढ्या वेळचे निरोप गेलेच, पण पुढे आणखी एक होतं. एडीआरवरच्या सेन्सरला बराच काळ नेटवर्ककडून काहीच ऐकू आलं नाही, की आपण ऐकू जात नाही असं समजून तो स्वतःहून सावकाश चालीकडे सरकतो. दर १५ मिनिटांनी बोलणाऱ्या सेन्सरच्या बाबतीत हे साधारण दिवसभरानंतर सुरू होतं. दोन-तीन दिवसांनी वीज येते तेव्हा अर्धं शिवार एसएफ १२ कडे पोहोचलेलं असतं, आणि सगळं पूर्ववत व्हायला वेळ जातो. गेटवेला फार वीज लागत नाही. छोटं सोलर पॅनल आणि बॅटरी एवढ्यावर काम भागतं.

मोबाईल टॉवरच्या खांबाशेजारी गेटवे लावू नये, उंची कितीही मिळत असली तरी. ८५० च्या पट्ट्यात टॉवरकडून फोनकडे येणारे सिग्नल ८६९ मेगाहर्ट्झपासून सुरू होतात. लोराच्या पट्ट्यापासून ते हाकेच्या अंतरावर. एवढा मोठा भोंगा कानाशी असला की साधा गेटवे बहिरा होतो. दुसरी जागाच नसेल तर कॅव्हिटी फिल्टर नावाचा भाग अँटेना आणि गेटवेच्या मधे बसवावा लागतो.

एका गावात चार कंपन्या, चार गेटवे

लोराच्या जाळ्यात सेन्सर कोणत्या एकाच गेटवेला बांधलेला नसतो. त्याच जाळ्यातला जो गेटवे ऐकेल तो निरोप पुढे पाठवतो, दोघांनी ऐकला तर जादाची प्रत वगळली जाते. म्हणून एक गेटवे वाढवला की सगळ्यांचंच अंतर कमी होतं, चाल भरभर होते, टक्कर घटते.

पण कंपन्या वेगळ्या असल्या तर? मग एकाचा निरोप दुसऱ्याच्या गेटवेला ऐकू येतो आणि तो फेकून देतो. तुमच्या बांधाला लागून गेटवे उभा आहे, त्याने तुमच्या सेन्सरचा आकडा नीट ऐकलाय, आणि तरीही तुमचा आकडा तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या गेटवेपर्यंत पोहोचला नाही म्हणून गेला. चारही कंपन्यांचे सेन्सर एकमेकांसाठी निव्वळ गोंगाट. शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा गटाने एकत्र खरेदी करताना सगळ्यांचे सेन्सर एकाच जाळ्यावर येतील, अशी अट घातली तर हे टळतं. पाण्यासाठी जशी सामाईक पाइपलाइन टाकतात, तसंच हे. एकेकट्याने घासाघीस करून सेन्सर हजार रुपयांनी स्वस्त मिळवण्यापेक्षा ही अट जास्त फायद्याची.

दोष कुठे आहे, ते मोबाईलवरच कळतं

कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा त्यांच्याकडून मागून तीन गोष्टी बघता येतात. पहिली, निरोपाचा क्रमांक. तो १०१, १०२ आणि मग थेट १०५ आला, तर मधले दोन हवेत किंवा गेटवेपाशी गेले. क्रमांक ओळीने आहेत पण आकडाच वेडावाकडा, म्हणजे तापमान एकदम ८० अंश, तर रेडिओचा दोष नाही. सेन्सर किंवा त्याची वायर तपासा. मोटारीच्या स्टार्टरजवळून, सोलर पंपाच्या कंट्रोलरजवळून वायर नेली असेल तर ती आधी दूर करा.

दुसरी, आरएसएसआय, म्हणजे सिग्नल किती जोरात आला. हा आकडा उणे असतो. उणे ८५ म्हणजे चांगला, उणे १२० म्हणजे जेमतेम. तिसरी, एसएनआर, म्हणजे गोंगाटाच्या मानाने तो किती स्पष्ट होता. दोन्ही खराब असतील तर अंतर किंवा आडोसा आहे, अँटेना वर घ्या. सिग्नल जोरात पण स्पष्टता खराब, तर जवळपास कोणीतरी गोंगाट करतंय. टॉवर, टोलनाका, नवीन बसवलेलं एखादं यंत्र शोधा.

गायब होण्याची वेळही बरंच सांगते. शेजारशेजारचे सगळे सेन्सर एकाच वेळी गप्प झाले तर गेटवेची वीज किंवा त्याचं इंटरनेट गेलं असणार. फक्त टोकाचेच जातात आणि जवळचे येतात, तर टक्कर किंवा अंतर. बरोबर तासाच्या ठोक्यालाच जातात, तर सगळे एकदम बोलतायत. आठ दिवसांच्या अशा नोंदी वहीत लिहून कंपनीला दाखवल्या की ‘नेटवर्क प्रॉब्लेम’ या उत्तरावर बोळवण होत नाही.

ताकद वाढवून देतो म्हणणाऱ्यांपासून जरा जपून. या पट्ट्यात उपकरणाची ताकद १ वॅटपर्यंत आणि अँटेनातून बाहेर पडणारी ४ वॅटपर्यंतच चालते. एकाने आवाज चढवला की शेजारचाही चढवतो, आणि दोघांचे आकडे पुन्हा तिथेच. परवानगीशिवाय मोबाईल बूस्टर बसवणं तर सरळ बेकायदेशीर आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी खोकीही नीट पाहून घ्यावीत. ९१५ लिहिलेलं उपकरण अमेरिकेसाठीचं असतं. ते ज्या पट्ट्यात बोलतं तो आपल्याकडे मोबाईलवरून टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलचा आहे, म्हणजे ते आपल्याच गावाच्या मोबाईलला त्रास देणार. ८६८ लिहिलेलं युरोपचं, ते ८६८ च्या वर बोलतं आणि आपली हद्द ८६८ ला संपते. त्याची सेटिंग ८६५ वर आणता येते का, हे पैसे देण्याआधी विचारावं. नसेल येत, तर ते घेऊ नये. आधीच घेतलं असेल तर परत करायची मुदत संपलेली नाही ना, ते आजच बघा.